रिसीव्हर बंद पडतो, तो कशासाठी?

होम थिएटरचा रिसीव्हर म्हणजे एकाच पेटीत बसवलेले अनेक ॲम्प्लिफायर. ५.१ मांडणीत तो पाच स्पीकर चालवतो. सबवूफरला बहुधा स्वतःचा ॲम्प्लिफायर असतो. सिनेमा रंगात येतो, आवाज चढतो, आणि आतून ‘टक्’ असा आवाज येऊन सगळे शांत होते. समोरचा दिवा लुकलुकत राहतो. महाड-पोलादपूर भागात अशा वेळी पहिला आळ विजेवर जातो आणि दुसरा यंत्रावर. दोन्ही आळ घाईचे आहेत. तो ‘टक्’ आवाज स्पीकरची वाट तोडणाऱ्या रिलेचा असतो आणि रिले तोडण्याचा हुकूम प्रोटेक्शन सर्किटने दिलेला असतो. म्हणजे यंत्राने काहीतरी पाहिले आणि स्वतःला वाचवले. दुरुस्तीचे खरे काम त्याने काय पाहिले हे शोधण्याचे आहे.

या सर्किटची नजर मुख्यतः तीन गोष्टींवर असते: आउटपुटमधून जाणारा जादा करंट, हीटसिंकचे तापमान आणि स्पीकरच्या टर्मिनलवर येणारा डीसी. आउटपुट ट्रान्झिस्टर जळाला तर डीसी थेट स्पीकरच्या कॉइलमध्ये घुसतो आणि कॉइल जाळतो; म्हणून तिथे क्षणाचीही सवलत नसते. जादा करंटचे कारण मात्र बहुतेक वेळा पेटीच्या बाहेर सापडते. स्पीकरची वायर सोलताना तांब्याचा केसाएवढा एक धागा सुटा राहतो आणि शेजारच्या टर्मिनलला किंवा मागच्या पत्र्याला टेकतो. हळू आवाजात कदाचित काहीच होत नाही. आवाज वाढला की शॉर्ट जाणवतो. दुसरे नेहमीचे कारण म्हणजे ८ ओहमचे दोन स्पीकर एकाच जोडणीवर समांतर लावणे. भार ४ ओहमवर येतो, तेवढ्याच व्होल्टेजला करंट दुप्पट होतो आणि रिसीव्हर आधी तापतो, मग थांबतो.

म्हणून तपास बाहेरून आत जावा. प्लग काढून सगळ्या स्पीकरच्या वायरी सोडवाव्यात आणि रिसीव्हर चालू करावा. तो टिकला तर दोष वायरीत, स्पीकरमध्ये किंवा भारात आहे. प्रत्येक वेळी बंद करून एकेक जोडत गेले की गुन्हेगार सापडतो. वायरी सोडवूनही तो लगेच पडला तर दोष आत आहे आणि ते काम जाणकार मेकॅनिकचे. कारण प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये धोकादायक चार्ज उरतो. ठरावीक वेळाने, ‘टक्’नंतर दिवा न लुकलुकता रिसीव्हर बंद होत असेल तर आधी स्लीप टायमर आणि ऑटो स्टँडबाय पाहावे. टीव्ही बंद झाल्याबरोबर तो बंद होत असेल, तर एचडीएमआयवरून जाणारा हुकूम सेटिंगमध्ये बंद करता येतो.

‘आमच्याकडे व्होल्टेजच धड नसते,’ हा आक्षेप खोटा नाही. पण त्याचा पुरावा घेता येतो. २३० व्होल्टच्या पुरवठ्यात मोठी घसरण झाली तर घरातले दिवे आणि पंखेही ती सांगतात. फक्त एकाच बोर्डावर त्रास असेल तर सॉकेटची पकड सैल असण्याची शक्यता जास्त. हे न तपासता घेतलेला स्टॅबिलायझर शॉर्ट झालेली वायर दुरुस्त करणार नाही.

या भागाचा खरा वैरी ओलावा आहे. सह्याद्रीच्या पायथ्याशी पाऊस महिनोन्‌महिने हटत नाही. चाकरमान्यांची कित्येक घरे गणपती-शिमग्यालाच उघडतात; तोवर बंद शोकेसमधल्या यंत्रावर दमट धूळ बसते, टर्मिनल हिरवट होतात, पंख्याची जाळी भरते. अशात हीटसिंकची हवा अडली की तापमान चढते आणि दर १० अंशांच्या वाढीला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते. वर-बाजूला मोकळी जागा ठेवणे आणि पावसाळ्यात यंत्र अधूनमधून चालवणे यापेक्षा स्वस्त उपाय नाही. पूर आलाच, तर गोष्ट आणखी गंभीर. २२ जुलै २०२१ ला महाड शहरात शिरलेल्या पाण्यासारखा पूर गाळ मागे ठेवून जातो. तो बोर्डावर चिकटतो आणि ओल धरून करंटला नको ती वाट देतो. असे यंत्र वरून सुकले म्हणून प्लग लावून पाहू नये. आधी ते मेकॅनिककडून उघडून, धुऊन, पूर्ण वाळवून घ्यावे.

स्वस्त सेट कधी ट्रिप होत नाहीत, मग महागाचेच का, असेही विचारले जाते. ज्यात राखणच कमी, ते थांबत नाही, ते जळते. याच विचारातून कोणी प्रोटेक्शन ‘बायपास’ करून देतो आणि चार दिवस गाणी वाजतात. त्यानंतर स्पीकर जातात, कधी घराला आगीचा धोकाही उभा राहतो. दुरुस्तीचा खर्च नव्या रिसीव्हरच्या जवळ जात असेल तर नवा घेणे शहाणपणाचे, हे मान्य. पण तो निर्णय स्पीकर सोडवून पाहण्याची फुकटची चाचणी झाल्यानंतरचा. दुकानदाराने बायपास सुचवला तर नकार द्या, आणि दुरुस्तीनंतर ‘बंद का पडत होता?’ याचे उत्तर मागून घ्या. उत्तर मिळाले नाही, तर दुरुस्ती झालेली नाही.