दोन मत्स्यपेट्या, एक पाणी

कुंभकोणमजवळचे इन्नंबूर हे गाव कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात वसले आहे. या प्रदेशातील पाण्याची व्यवस्था फार जुनी आहे. नदीचे पाणी कालव्यात, कालव्याचे पाटात, पाटाचे तळ्यात आणि एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात असे ते पुढे पुढे जाते. प्रत्येक तळ्याच्या काठावर एक ठरावीक उंचीचा सांडवा असतो. पाणी त्या उंचीपर्यंत साठते. त्याहून अधिक झालेले पाणी बांध न फोडता सांडव्यावरून खाली उतरते. तळ्याची सुरक्षितता त्याच्या रक्षकावर नव्हे, तर सांडव्याच्या उंचीवर अवलंबून असते. रक्षक झोपी गेला तरी सांडवा आपले काम करीत राहतो.

घरातील दोन मत्स्यपेट्या एकमेकींना जोडून त्यांचे पाणी आणि शीतन सामाईक करावयाचे असेल, तर हाच नियम ध्यानी ठेवावा लागतो. वरवर पाहता हे काम एका नळीचे आणि एका पंपाचे आहे. परंतु जोडणी चालू असताना कशी वागते, यापेक्षा वीज गेल्यावर ती कशी वागेल, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

पाणी थंड राखण्याची गरज कशासाठी, ते प्रथम पाहू. या प्रदेशात एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान ३५ अंश सेल्सियसच्या पुढे जाते. खुल्या तळ्यातील मासा अशा वेळी तळाशी किंवा सावलीत जातो. काचेच्या पेटीतील माशाला जाण्यासारखी जागा नसते. पाणी जसजसे तापते तसतसा त्यात विरघळणारा प्राणवायू कमी होतो. २० अंशांना एका लिटर पाण्यात सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू सामावतो, ३० अंशांना सुमारे ७.६ मिलिग्रॅम, तर ३५ अंशांना सुमारे ७ मिलिग्रॅम. उष्णतेने माशाची प्राणवायूची गरज मात्र वाढते. म्हणजे मागणी वाढावी आणि पुरवठा घटावा, अशी दुहेरी अडचण उभी राहते. शिवाय माशांच्या उत्सर्गातून पाण्यात येणाऱ्या अमोनियाचा विषारी अंशही तापमानाबरोबर वाढतो. गोड्या पाण्यातील पुष्कळसे उष्णकटिबंधीय मासे २४ ते २८ अंशांत सुखाने राहतात. सोनमासा किंवा पश्चिम घाटातील वाहत्या ओढ्यांत राहणारा डेनिसन बार्ब यांना त्याहूनही थंड पाणी मानवते.

एका घरात प्रत्येकी १५० लिटरच्या दोन पेट्या आहेत, असे समजू. दोन शीतक यंत्रे घेण्याऐवजी एकच घ्यावे आणि पाणी दोन्हींतून फिरवावे, हा विचार स्वाभाविक आहे. त्याचे लाभही खरे आहेत. ३०० लिटर पाणी १५० लिटरपेक्षा सावकाश तापते आणि सावकाश दूषित होते; गाळणी व शीतन यांचा खर्च एकाच ठिकाणी होतो. त्यासाठी प्रवाह फार मोठा लागत नाही. एका पेटीत बाहेरून १०० वॉट इतकी उष्णता शिरत असेल आणि तिच्यातून ताशी ३०० लिटर पाणी फिरत असेल, तर आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या पाण्याच्या तापमानात जेमतेम ०.३ अंशाचा फरक पडतो. प्रवाह ताशी ५० लिटरवर आला, तर हाच फरक सुमारे १.७ अंशांचा होतो.

आता जोडणीकडे वळू. दोन पेट्या शेजारी, एकाच उंचीवर ठेवून त्यांच्या काठांवरून पाण्याने भरलेली वाकडी नळी टाकली, की वक्रनलिका, म्हणजेच सायफन, तयार होतो. पाणी आपली पातळी सोडत नाही. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, येथील पाणचक्कीला दूरच्या टेकड्यांतील पाणी मातीच्या बंद नळांतून आणले गेले, तेही पाण्याच्या याच स्वभावाच्या भरवशावर. मत्स्यपेट्यांच्या बाबतीत पंप पहिल्या पेटीतील पाणी दुसरीत टाकतो, दुसरीची पातळी किंचित चढते आणि जास्तीचे पाणी वक्रनलिकेतून पहिलीत परत येते. पातळीतील फरक एक सेंटिमीटर असेल, तर २५ मिलिमीटर व्यासाच्या नळीतून घर्षण वगळता ताशी सुमारे ७८० लिटर पाणी वाहू शकते. घर्षण धरले तर पुष्कळच कमी. नळी १२ मिलिमीटरची घेतली, तर ही कमाल ताशी १८० लिटरच्या आसपास येते. अरुंद नळी आणि जोरदार पंप ही जोडी म्हणूनच धोक्याची आहे.

याहून मोठा धोका डोळ्यांना दिसत नाही. वक्रनलिकेच्या सर्वांत उंच भागी पाण्यावरील दाब कमी असतो. तेथे पाण्यात विरघळलेली हवा बुडबुड्यांच्या रूपाने सुटते आणि प्रवाहाबरोबर येणारे बुडबुडेही तेथेच अडकतात. हवा पुरेशी साठली, की पाण्याची धार तुटते. पंपाला मात्र याची वार्ता नसते. तो पाणी टाकीतच राहतो. पेटीची लांबी ८० आणि रुंदी ४० सेंटिमीटर असून वर ४ सेंटिमीटर जागा मोकळी असेल, तर त्या जागेत १२.८ लिटर पाणी मावते. ताशी ४०० लिटरचा पंप ती दोन मिनिटांच्या आत भरून टाकील. त्यानंतर एक पेटी जमिनीवर वाहील, दुसरी रिकामी होत जाईल आणि शेवटी पंप कोरडा फिरून जळेल. हे सर्व घरातील माणसे झोपेत असतानाही घडू शकते. वक्रनलिका हे उपयुक्त साधन आहे. पण तिच्या एकटीच्या भरवशावर माशांचे प्राण सोपविणे योग्य नाही.

अधिक भरवशाची रचना तळ्यांच्या सांडव्यासारखी आहे. दोन्ही पेट्यांच्या वरच्या भागी ठरावीक उंचीवर एक-एक रुंद निर्गमद्वार ठेवावे. तेथून सांडणारे पाणी आपल्या वजनाने खालच्या सामाईक टाकीत उतरावे. त्या टाकीत गाळणी असावी. तेथून एकच पंप पाणी शीतक यंत्रातून वर पाठवील आणि तोट्यांच्या साहाय्याने ते दोन्ही पेट्यांत विभागले जाईल. या रचनेत पेट्या एकमेकींवर अवलंबून राहत नाहीत. प्रत्येकीची पातळी तिचा स्वतःचा सांडवा ठरवितो. निर्गमद्वारासाठी काचेला भोक पाडावयाचे असल्यास ती काच कठीण केलेली, म्हणजे टफन्ड, नाही याची आधी खात्री करावी. तशी काच भोक पाडताना चुरा होऊन फुटते.

ही रचना दोन कसोट्यांना उतरली पाहिजे. पहिली कसोटी वीज जाण्याची. पंप थांबताच दोन्ही पेट्यांतील पाणी सांडव्याच्या काठापर्यंत उतरते. त्याच वेळी वर जाणारी नळी उलटी वाहू लागते आणि तिचे तोंड जितके खोल, तितके पाणी खाली ओढते. म्हणून हे तोंड पृष्ठभागाच्या थोडेसेच खाली असावे, किंवा नळीला पृष्ठभागालगत लहानसे छिद्र असावे, म्हणजे तेथून हवा शिरून धार तुटेल. एकदिशा झडप बसविता येते, परंतु तिच्यात शेवाळाचा तुकडा अडकला तरी ती उघडी राहते. तिला दुय्यम साधन मानावे. वरील मापांच्या दोन पेट्या २ सेंटिमीटरने उतरल्या, तर १२.८ लिटर पाणी खाली येईल. नळ्यांतील पाणी धरून खालच्या टाकीत निदान २० लिटरची जागा सदैव रिकामी असावी.

दुसरी कसोटी निर्गमद्वार तुंबण्याची. एखादे पान किंवा गोगलगाय तेथे अडकली, तर पंप खालचे पाणी वर चढवीत राहील. तो किती चढवू शकेल? खालच्या टाकीत त्याच्या तोंडाच्या वर जितके पाणी असेल तितकेच. हे पाणी १२ लिटर ठेवले आणि प्रत्येक पेटीच्या वर १२.८ लिटरची मोकळी जागा राखली, तर एक द्वार पूर्ण बंद झाले तरी थेंबही बाहेर सांडणार नाही. त्यासाठी पंपाचे तोंड योग्य उंचीवर बसवून टाकीवर पाण्याच्या कमाल पातळीची रेघ रंगाने आखून ठेवावी. बाष्पीभवनाने होणारी घट पेट्यांत दिसत नाही, ती खालच्या टाकीतच दिसते. म्हणून ही रेघ रोज पाहावी, घट भरून काढावी, पण रेघ ओलांडू नये.

शीतनाचा स्वस्त उपाय माठाने आपल्याला शिकविला आहे. एका लिटर पाण्याचे बाष्प होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते; ३०० लिटर पाणी जवळजवळ दोन अंशांनी थंड करण्यास ती पुरेशी आहे. पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंख्याचा वारा सोडला, तर हे काम होते. दमट दिवशी मात्र पंख्याचा उपयोग कमी होतो. त्यापुढे शीतक यंत्र लागते. हे यंत्र उष्णता नाहीशी करीत नाही. ती पाण्यातून काढून, आपल्या विजेच्या उष्णतेसह, खोलीत सोडते. बंद कपाटात ठेवलेले शीतक यंत्र स्वतःच्याच उष्णतेत गुदमरते. पाण्यात बुडविलेला ४० वॉटचा पंपही आपली जवळजवळ सर्व वीज अखेर पाण्याला उष्णतेच्या रूपाने देतो. उष्णता बाहेर जाण्यास वाव नसेल, तर एका दिवसात ३०० लिटर पाणी पावणेतीन अंशांनी तापविण्याइतकी ती असते. गरजेपेक्षा मोठा पंप घेणारा मनुष्य स्वतःच शीतक यंत्राचे काम वाढवितो.

पाण्याबरोबर रोगही सामाईक होतात, याचा विसर पडू नये. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा परजीवी आयुष्यातील एका अवस्थेत पाण्यात मुक्तपणे पोहतो; नळीतून पलीकडे जाणे त्याला अवघड नाही. एका पेटीत टाकलेले औषध दुसरीतही पोहोचते, आणि माशांना बरे करणारे तांबेयुक्त औषध कोळंबीला व गोगलगायीला मारक ठरते. म्हणून नवा मासा दोन ते चार आठवडे अगदी वेगळ्या भांड्यात ठेवावा, त्याचे जाळेही वेगळे असावे. प्रत्येक पेटीच्या नळीला बंद करता येणारी तोटी असावी, म्हणजे प्रसंगी ती पेटी तात्काळ विलग करता येईल. मात्र विलग केलेल्या पेटीला स्वतःची हवा व गाळणी तत्काळ मिळाली पाहिजे.

दोन पेट्यांतील माशांना वेगळ्या प्रकृतीचे पाणी लागत असेल, एकीत मृदू व दुसरीत कठीण, तर पाणी एक करूच नये. अशा वेळी केवळ गारवा वाटून घेता येतो. थंड पाण्याचे वेटोळे दुसऱ्या पेटीत बुडवावे. पाणी वेटोळ्याच्या आतूनच फिरते, उष्णता मात्र त्याच्या भिंतीतून जाते. वेटोळे टायटॅनियमचे असणे उत्तम. तांब्याचे असू नये, कारण पाण्यात उतरणारे तांबे जलचरांना विषारी असते. प्लॅस्टिक निरुपद्रवी आहे, पण उष्णतेचे मंदवाहक असल्याने त्याचे वेटोळे बरेच लांब घ्यावे लागते.

विजेची तार पेटीकडून थेट खटक्याकडे नेऊ नये. मध्ये तिला खाली झोल द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी झोलाच्या तळाशी टपकेल. अर्थिंग नीट असावे आणि ३० मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडणारे संरक्षक उपकरण बसवावे. पाण्यात हात घालण्यापूर्वी सर्व उपकरणांची वीज बंद करावी.

सर्व जोडणी झाल्यावर मासे सोडण्याआधी एक परीक्षा घ्यावी. पंप चालू असताना वीज अचानक बंद करून खालची टाकी किती भरते ते पाहावे. नंतर वीज सुरू करून निर्गमद्वारे एकेक हाताने झाकावीत आणि पंप आपल्या तोंडापर्यंतचे पाणी ओढून घेईस्तोवर थांबून, मग लगेच तो बंद करावा. दोन्ही वेळी जमीन कोरडी राहिली, तरच ती रचना घरात ठेवण्यास योग्य. वीज बराच वेळ न आल्यास बॅटरीवर चालणारा हवेचा पंप दोन्ही पेट्यांना वेगवेगळा पुरवता यावा, कारण जेथे पंप एक आहे तेथे त्याचे थांबणेही दोन्ही पेट्यांना सामाईक असते. इन्नंबूरच्या परिसरात तळ्यांचे बांध बांधणाऱ्यांनी सांडव्याची उंची पावसाच्या नेहमीच्या दिवसासाठी नव्हे, तर पुराच्या रात्रीसाठी ठरविली. मत्स्यपेटीच्या काठाची उंचीही तशीच ठरवावी.