थोरियम : वाळूंतील इंधन

वरातीच्या पुढें डोक्यावर मिरवणारी गॅसची बत्ती आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. तिच्यांतील रेशमी जाळी एकदां जळली, कीं जें पांढरें, ठिसूळ भस्म उरतें, तेंच लखलखीत प्रकाश देत राहतें. तें भस्म दीर्घकाळ मुख्यत्वेंकरून थोरियम या धातूचें असे. १८२९ सालीं स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनीं हा धातु जगापुढें मांडला व मेघगर्जनेचा देव जो थॉर, त्याचें नांव त्यास दिलें. या धातूवर एखाद्या देशाच्या विजेची भिस्त ठेवतां येईल काय, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

प्रथम नेहमींच्या अणुभट्टीचें इंधन पाहूं. निसर्गांत मिळणाऱ्या युरेनियमच्या हजार अणूंत अवघे सात युरेनियम-२३५ या जातीचे असतात. न्यूट्रॉनचा आघात होतांच असा अणु दुभंगतो, उष्णता देतो आणि दोन-तीन नवे न्यूट्रॉन बाहेर टाकतो. त्यांच्या योगानें पुढचे अणु दुभंगतात व सांखळी चालू राहते. त्या उष्णतेनें पाण्याची वाफ होते आणि वाफेनें वीज निर्माण करणारें चक्र फिरतें.

थोरियम मात्र आपण होऊन पेटत नाहीं. तें ओल्या लांकडासारखें आहे; चुलींत आधीं दुसऱ्याचा निखारा हवा. थोरियमच्या अणूनें न्यूट्रॉन गिळला, कीं थोड्याच वेळांत त्याचें प्रोटॅक्टिनियम होतें, आणि त्याचा निम्मा भाग सुमारें २७ दिवसांत युरेनियम-२३३ बनतो. हें युरेनियम-२३३ निसर्गांत सांपडत नाहीं. परंतु भट्टीचें इंधन म्हणून तें उत्तम आहे.

भारताजवळ युरेनियम बेताचेंच. उलट केरळ, तामिळनाडु, आंध्र व ओरिसा यांच्या किनाऱ्यांवरील मोनाझाइट वाळूंत थोरियम विपुल. ही विषमता ध्यानांत घेऊन डॉ. होमी भाभा यांनीं १९५४ सालीं तीन टप्प्यांची योजना मांडली. पहिल्या टप्प्यांत नैसर्गिक युरेनियम जाळावें व त्यांतून निपजणारें प्लुटोनियम बाजूला काढावें. दुसऱ्यांत तें प्लुटोनियम शीघ्र भट्टींत घालून जळेल त्याहून अधिक इंधन पैदा करावें, आणि भोंवतीं थोरियम ठेवून त्याचें युरेनियम-२३३ करून घ्यावें. तिसऱ्यांत थोरियम व युरेनियम-२३३ यांवरच भट्ट्या चालवाव्या. शेतकरी आधीं बियाणें राखतो, मग पेरणी वाढवितो. त्यांतलाच हा प्रकार.

परंतु पेरणीला अपेक्षेहून फार काळ लागला. शीघ्र भट्टींतील उष्णता वितळलेल्या सोडियमनें वाहून न्यावी लागते, आणि सोडियम तर पाण्याचा स्पर्श होतांच भडकतें. कल्पाक्कम येथील ५०० मेगावॉटच्या अशा भट्टीची बांधणी २००४ सालीं सुरू झाली. वीस वर्षांनंतरहि ती वीज देऊं लागली नव्हती. मात्र त्याच ठिकाणीं १९९६ सालीं ‘कामिनी’ ही छोटी भट्टी युरेनियम-२३३ वर चालू झाली. तिची शक्ति अवघी ३० किलोवॅट. तथापि थोरियमपासून मिळालेलें इंधन जळतें, याचा तो प्रत्यक्ष पुरावा होय.

दुसरी वाट अमेरिकेंत टेनेसी राज्यांतील ओक रिज येथें चोखाळली गेली. १९६५ ते १९६९ पर्यंत तेथें वितळलेल्या क्षारांत इंधन विरघळवून भट्टी चालविली. १९६८ सालीं तींत युरेनियम-२३३ हि वापरलें. या पद्धतींत प्रचंड दाब लागत नाहीं. तळाशीं गोठलेल्या क्षाराचें बूच असतें. त्याला थंड ठेवणारी व्यवस्था बंद पडली, कीं तें वितळतें आणि सारें इंधन खालच्या टांक्यांत उतरून सांखळी थांबते. तप्त क्षारानें पात्राच्या धातूला इजा पोंचते, ही तिची मोठी अडचण. चीननें गान्सू प्रांतांत याच धर्तीची दोन मेगावॉट उष्णतेची भट्टी २०२३ सालीं पेटविली.

थोरियम म्हणजे निर्धोक इंधन, असें मात्र कोणी समजूं नये. युरेनियम-२३३ बरोबर थोडें युरेनियम-२३२ येतेंच, आणि त्याच्या वंशजांचे किरण इतके भेदक असतात, कीं सारें काम जाड भिंतींआड यांत्रिक हातांनीं करावें लागतें. चोराला तें अवघड, तसेंच कारागिरालाहि. प्लुटोनियमसारखा दीर्घायुषी कचरा कमी होतो, परंतु दुभंगलेल्या अणूंचे किरणोत्सर्गी तुकडे शतकानुशतकें जपावे लागतातच. आणि युरेनियम-२३३ पासून बाँबहि होऊं शकतो.

मग ही दूरची वाट धरावीच कां? २००८ सालीं भारताला परदेशी युरेनियम विकत घेण्याची मोकळीक मिळाली, तेव्हांपासून हा प्रश्न अधिकच टोंचूं लागला आहे. तयार जळण बाजारांत मिळत असतां तीन पिढ्यांची तपश्चर्या कशासाठीं? याचें उत्तर असें, कीं किनाऱ्यावरील वाळू कोठें जात नाहीं. नाहींशी होते ती विद्या. ओक रिजची भट्टी निवाल्यावर अहवाल कपाटांत राहिले आणि अनुभवी हात पांगले. तेंच ज्ञान दुसऱ्या राष्ट्राला अर्ध्या शतकानें पुन्हां उभें करावें लागलें. बाजारांतून आणलेल्या जळणावर आजची चूल पेटेल, हें खरें. पण तें जळण दुसऱ्याच्या मर्जीचें असतें. म्हणून आज लागेल तेवढें विकत घ्यावें, आणि घरचें जळण पेटविण्याची कला मात्र क्षणभरहि मोडूं देऊं नये.