कर्णबधिरांसाठी आपत्कालीन दूरध्वनी सेवा

संकटग्रस्त व्यक्ती बोलू शकते आणि पलीकडचे ऐकू शकते, या गृहीतकावर आपत्कालीन दूरध्वनी सेवा उभी असते. 2011 च्या जनगणनेनुसार भारतातील 2.68 कोटी दिव्यांगांपैकी सुमारे 50.7 लाख व्यक्तींना श्रवणदोष आहे. त्यांच्यातील पूर्णतः कर्णबधिर व्यक्तींच्या बाबतीत हे गृहीतकच कोसळते.

पोलीस, अग्निशमन व रुग्णवाहिका यांसाठी 112 हा एकच क्रमांक देणारी प्रणाली 28 नोव्हेंबर 2018 रोजी सर्वप्रथम हिमाचल प्रदेशात सुरू झाली. तिच्यात लघुसंदेश, मोबाईल ॲप व पॅनिक बटण यांचीही सोय आहे. तथापि, बटण दाबल्याने हाक पोहोचते. आग लागली आहे की छातीत दुखते आहे, हे कळत नाही. खुलाशासाठी नियंत्रण कक्षाने उलट फोन केला, तर तो निरुपयोगी ठरतो. शिवाय अनेक कर्णबधिरांची पहिली भाषा सांकेतिक असते. घाबरलेल्या अवस्थेत लेखी मजकूर तयार करणे त्यांना अवघड जाते. म्हणजेच खरी उणीव दुतर्फा संवादाची आहे.

ही उणीव अन्य देशांनी निरनिराळ्या मार्गांनी भरून काढली. अमेरिकेत 1990 च्या कायद्याने मध्यस्थामार्फत दूरध्वनी संभाषणाची सेवा बंधनकारक केली. ब्रिटनमध्ये जून 2022 पासून 999 सेवेसाठी व्हिडिओद्वारे सांकेतिक भाषेचा दुभाषी चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे.

अशा सेवेचा खर्च प्रामुख्याने स्थिर स्वरूपाचा असतो. कॉल कमी असले तरी दुभाष्याला अहोरात्र सज्ज राहावे लागते. प्रत्येक राज्याने स्वतंत्र व्यवस्था उभारल्यास दर कॉलमागील खर्च वाढेल आणि प्रशिक्षित दुभाष्यांची टंचाईही जाणवेल. भारतीय सांकेतिक भाषेत प्रादेशिक भेद असले तरी ती देशभर वापरली जाते. त्यामुळे सर्व राज्यांच्या 112 कक्षांना जोडलेले एक राष्ट्रीय दुभाषी केंद्र अधिक किफायतशीर ठरेल. 2015 मध्ये स्थापन झालेली भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण संस्था त्यासाठी मनुष्यबळ घडवू शकते. वाचा गेलेला रुग्ण किंवा हल्लेखोराच्या भीतीने बोलू न शकणारी स्त्री यांनाही लेखी संवादाच्या सोयीचा लाभ होईल.

भारताने 2007 मध्ये अनुसमर्थन दिलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराच्या अनुच्छेद 9 मध्ये आपत्कालीन सेवांचा स्पष्ट उल्लेख आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 नेही सुगम्यतेला वैधानिक आधार दिला. राजीव रतुरी प्रकरणात 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे किमान निकष केवळ मार्गदर्शक न ठेवता बंधनकारक करण्याचा निर्देश दिला. आपत्कालीन सेवेच्या बाबतीत या तत्त्वाचे महत्त्व विशेष आहे. कारण येथे विलंबाची किंमत प्राणांनी मोजावी लागते.