नागपुरात वृद्धाश्रम निवडताना
मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो. उतारवयात तहान कमी जाणवते, घामही कमी येतो. म्हणून चांगल्या वृद्धाश्रमात कुणी पाणी मागण्याची वाट पाहत नाहीत. ठरावीक वेळाने पाणी, ताक किंवा पन्हं हातात देतात. हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घेतात. कूलरचं पाणी फरशीवर सांडलं तर लगेच पुसतात, कारण म्हातारपणी खुब्याचं हाड मोडलं की माणूस महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळतो.

अशांची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. नाहीतर माकडहाडावर, टाचांवर दाबाच्या जखमा होतात. म्हणून आश्रम पाहायला जाल तेव्हा रात्रपाळीची नोंदवही, प्रत्येकाचा औषधांचा तक्ता आणि न्हाणीघरातले आधाराचे दांडे आवर्जून पाहा. जेवणाच्या वेळी, न कळवता गेलात तर अधिक कळेल.

२००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात निराधारांसाठी प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० जणांची सोय असलेल्या वृद्धाश्रमाची तरतूद आहे. माहितीसाठी किंवा तक्रारीसाठी १४५६७ ही शासनाची निःशुल्क हेल्पलाइन आहे.