चंद्रावरील काळोखांतलें पाणी

चंद्रावर मनुष्य जाऊन आला, त्या गोष्टीस आतां अर्ध्या शतकाहून अधिक काळ लोटला आहे. १९६९ ते १९७२ या अवघ्या साडेतीन वर्षांत बारा अमेरिकन अंतराळवीर तेथल्या मातीवर चालले आणि ३८२ किलो दगडमाती घेऊन परतले. १९७२ च्या डिसेंबरांत युजीन सर्नन व हॅरिसन श्मिट यांनीं चंद्राचा निरोप घेतला. पुढें पन्नास वर्षें तेथें मनुष्याचें पाऊल पडलें नाहीं. रशियाशीं लागलेली चढाओढ जिंकून झाली होती, आणि आणलेली माती तर ठणठणीत कोरडी निघाली होती. जेथें पिण्यास थेंब नाहीं आणि श्वासास वारा नाहीं, तेथें बिऱ्हाड थाटण्याची गोष्ट कोण बोलणार?

मग अमेरिका, चीन, भारत, जपान, रशिया या साऱ्यांची दृष्टि पुनः चंद्राकडे, आणि त्यांतहि विशेषेंकरून त्याच्या दक्षिण ध्रुवाकडे कां वळली? कोरडी म्हणून सोडून दिलेल्या त्या भूमीवर पाणी असल्याचा पुरावा मिळाला, हें त्याचें मुख्य कारण आहे.

पृथ्वीचा आंस साडेतेवीस अंशांनीं कललेला आहे, म्हणून येथें ऋतु होतात. चंद्राचा आंस जेमतेम दीड अंश कललेला आहे. त्यामुळें त्याच्या ध्रुवांवर सूर्य माथ्यावर येतच नाहीं. तो क्षितिजाला घांसून चोहोंकडे फिरत राहतो. जमिनीवर तेवत असलेल्या समईचा उजेड शेजारच्या खोल घागरीच्या तळाशीं पोंचत नाहीं, तसाच हा प्रकार. ध्रुवाजवळच्या कित्येक विवरांच्या तळाला कोट्यवधि वर्षांत ऊन म्हणून शिवलेलें नाहीं. तेथील थंडी शून्याखालीं २३० अंशांच्याहि पलीकडे जाते. एखाद्या धूमकेतूबरोबर किंवा अन्य मार्गानें चंद्रावर आलेला पाण्याचा कण उघड्या उन्हांत पडला तर निसटून जातो. पण चुकून या विवरांत शिरला, तर तेथेंच गोठून कायमचा अडकतो.

हा तर्क वॉटसन, मरे आणि ब्राऊन या तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९६१ सालींच, म्हणजे चंद्राची माती कोणाच्याहि हातीं येण्याआधीं, गणितानें मांडला होता. प्रत्यक्ष पुरावा मात्र फार सावकाश गोळा झाला. १९९४ आणि १९९८ सालच्या अमेरिकन यानांनीं ध्रुवांपाशीं कांहीं खुणा टिपल्या. पुढें १४ नोव्हेंबर २००८ रोजीं भारताच्या 'चांद्रयान-१' पासून सुटलेलें एक लहानसें यंत्र अंगावर तिरंगा घेऊन दक्षिण ध्रुवाजवळ आदळलें. आणि त्याच यानावर बसविलेल्या अमेरिकन उपकरणाच्या साहाय्यानें चंद्राच्या पृष्ठभागावर पाण्याचा अंश असल्याचें २००९ मध्यें जाहीर झालें. त्याच वर्षीं ९ ऑक्टोबरला अमेरिकेनें एका रॉकेटचा रिकामा टप्पा कॅबियस नांवाच्या अंधाऱ्या विवरांत मुद्दाम आपटला. उसळलेल्या धुरळ्याची परीक्षा झाली, तेव्हां शंभर किलो मातीमागें पांच-सहा किलो पाणी असावें असा अंदाज निघाला. हा अंदाज एकाच विवरापुरता आहे आणि त्यांत बरेंच कमीजास्त संभवतें, हें विसरून चालणार नाहीं.

एवढ्याशा बर्फाचें इतकें महत्त्व कां, हें उमजण्यासाठीं रॉकेटचा जमाखर्च पाहिला पाहिजे. अपोलोच्या काळांतील सॅटर्न रॉकेट उड्डाणसमयीं सुमारें तीन हजार टन वजनाचें असे. त्यांतून शेवटीं समुद्रांत परत येऊन पडे ती पांच टनांच्या आसपासची एक कुपी. बाकीचें वजन बहुतेक इंधनाचें, आणि तें इंधनहि मुख्यत्वें इंधन वाहून नेण्यांतच खर्ची पडलेलें! पृथ्वीच्या आकर्षणांतून सुटण्यास सेकंदाला ११.२ किलोमीटर वेग लागतो. चंद्रावरून निघण्यास २.४ किलोमीटर पुरे होतो. अर्थात् जी वस्तु चंद्रावरच मिळेल, ती येथून न्यावी लागली नाहीं तर खर्चांत मोठाच फरक पडेल. नऊ किलो पाण्याचें विजेनें विघटन केलें तर आठ किलो प्राणवायु व एक किलो हायड्रोजन मिळतो. प्राणवायु श्वासास उपयोगी. आणि दोन्ही वायु अतिशय थंड करून द्रवरूप केले, कीं तेंच उत्तम रॉकेट-इंधन होतें. भारताच्या सर्वांत मोठ्या रॉकेटचा वरचा टप्पा याच जोडीवर चालतो.

चंद्रावरील दुसऱ्या एका 'खजिन्या'चा, हीलियम-३ चा, गाजावाजा वर्तमानपत्रांतून वारंवार होतो. त्याचा एक ग्रॅम मिळविण्यास शंभर टन किंवा त्याहूनहि अधिक माती भाजावी लागेल, आणि त्यावर वीज निर्माण करणारी भट्टी अद्याप कोणीं उभारलेली नाहीं. तूर्त तो विषय बाजूस ठेवणेंच बरें.

परंतु बर्फ आहे म्हणून तो हातीं येईलच असें नाहीं. उणे २३० अंशांत वंगण गोठतें, धातु ठिसूळ होतात, विजेच्या बॅटऱ्या दगा देतात. आणि तळाशीं ऊन नसल्यामुळें सौर पत्र्यांचाहि उपयोग नाहीं. वीज वरच्या कांठावरून आणावी लागेल. अगदीं ध्रुवापाशींच असलेल्या शॅकल्टन विवराची रुंदी सुमारें एकवीस किलोमीटर आणि खोली चार किलोमीटर आहे. त्याच्या कांठाच्या कांहीं उंचवट्यांवर वर्षाचा बहुतेक काळ ऊन असतें आणि खालीं सदैव रात्र. ऊन आणि बर्फ यांचा असा शेजार लाभलेल्या जागा मोजक्याच आहेत.

अशा जागीं उतरणेंहि सोपें नाहीं. मार्च २०२५ मध्यें एका अमेरिकन कंपनीचें यान बर्फ शोधण्याचें छिद्रयंत्र घेऊन ध्रुवाजवळ उतरलें, पण आडवें पडलें. २०२५ अखेरपर्यंत तरी चिरछायेंतील बर्फ कोणीं उकरून पाहिलेला नव्हता. २३ ऑगस्ट २०२३ रोजीं उतरलेलें भारताचें 'चांद्रयान-३' मात्र सरळ उभें राहिलें. त्याच्या उष्णतामापकानें आठ-दहा सेंटिमीटर खोलीवरच माती किती झपाट्यानें थंड होते तें दाखविलें, आणि त्याच्या फिरत्या गाडीला मातींत गंधक आढळलें. तें यान 'दक्षिण ध्रुवावर' उतरलें असें सर्रास लिहिलें जातें. वस्तुतः तें ठिकाण ध्रुवापासून सहाशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. तेथें चौदा दिवसांची रात्र होते, आणि त्या रात्रींत निद्रिस्त केलेलें तें यान पुनः जागें झालें नाहीं.

माणसांची वस्ती व्हावयाची तर आणखी दोन शत्रु आहेत. एक धूळ: वारापाण्यानें न झिजलेले तिचे कण कांचेच्या चुऱ्यासारखे धारदार असतात. ती हुंगतांच श्मिटच्या नाकाला सूज आली होती. दुसरा शत्रु सूर्यापासून व अवकाशांतून येणारा किरणांचा मारा. तो अडविणारें वातावरण तेथें नाहीं; म्हणून घरें दोन-तीन मीटर मातीखालीं पुरावीं लागतील.

यंत्रांची अडचण आज ना उद्यां सुटेल. जागेची सुटणें अवघड आहे. १९६७ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार चंद्रावर कोणत्याहि राष्ट्रास मालकी सांगतां येत नाहीं. खणून काढलेल्या मालाचें काय, याविषयीं मात्र तो करार मूक आहे. असा माल खणणाऱ्याचा होईल, असा कायदा अमेरिकेनें २०१५ सालीं केला. २०२० च्या 'आर्टेमिस' करारांत आपल्या यंत्रांभोंवतीं 'सुरक्षा-क्षेत्र' आंखण्याची तरतूद आली. भारतानें २०२३ च्या जूनमध्यें त्यावर सही केली. चीन व रशिया यांनीं तो करार स्वीकारला नाहीं. त्यांनीं २०२१ मध्यें स्वतंत्र चांद्रस्थानकाची योजना जाहीर केली. मोकळ्या मैदानांत असें कुंपण कोणास फारसें जाचणार नाहीं. परंतु चार-दोन कांठांवरच ऊन असतां त्यांतला एक कांठ 'सुरक्षित' करणें आणि तो बळकावणें यांत अंतर तें किती उरतें?

शास्त्रज्ञांची चिंता निराळीच आहे. या बर्फाच्या थरांत चंद्रावर, आणि पर्यायानें पृथ्वीच्या आसपास, पाणी कोठून व केव्हां आलें याची नोंद गोठून राहिली असण्याचा संभव आहे. ती नोंद वाचण्याआधींच इंधनासाठीं वितळविली, तर पुनः मिळणार नाहीं. शिवाय उतरणाऱ्या यानांच्या धुरांत पाण्याची वाफ असतेच. चंद्रावर वारा नसल्यामुळें ती वाफ दूरवर पसरते, आणि तिच्यांतली कांहीं त्याच अंधाऱ्या विवरांत जाऊन, जुन्या बर्फावर पृथ्वीवरच्या पाण्याचा नवा थर म्हणून गोठते.