आगीच्या आदल्या दिवसाचं घर

३० ऑगस्ट १९८९. इंग्लंडच्या वेस्ट ससेक्स परगण्यातल्या अपपार्क या वाड्याच्या छपराची दुरुस्ती संपतच आली होती. शिशाच्या पत्र्यांना डाख देताना लागलेल्या आचेनं लाकडानं पेट घेतला आणि दुपारी पर्यटक आत असतानाच छप्पर धडधडू लागलं. कर्मचारी, स्वयंसेवक आणि अग्निशामक दलाच्या जवानांनी तळमजल्यावरची चित्रं, खुर्च्या, गालिचे हातोहात बाहेर काढले. अठराव्या शतकातलं प्रसिद्ध बाहुलीघरही वाचलं. वरचे मजले मात्र कोसळले.

साउथ डाउन्सच्या टेकडीवरचा हा वाडा १६९० च्या सुमारास बांधला गेला. १७४७ मध्ये तो सर मॅथ्यू फेदरस्टनहॉ यांनी विकत घेतला. इटलीच्या लांबलचक सफरीवरून त्यांनी आणलेल्या चित्रांनी त्याची दालनं सजली. त्यांचे चिरंजीव सर हॅरी यांनी सत्तरी उलटल्यावर, १८२५ मध्ये, आपल्याच दुग्धशाळेत काम करणाऱ्या मेरी अ‍ॅन बुलक या तरुणीशी लग्न केलं. त्यांच्यामागे वाडा तिच्याकडे आणि मग तिच्या बहिणीकडे गेला. या दोघींनी तो होता तसाच जपला. त्यामुळे व्हिक्टोरियाच्या काळात इतर वाड्यांची रूपं बदलत असताना अपपार्क जॉर्जियन काळातलंच राहिलं.

पुढे एच. जी. वेल्स या लेखकाची आई इथे घराचा कारभार पाहू लागली. पोरसवदा वेल्सनं इथल्या ग्रंथालयात मनसोक्त वाचन केलं.

१९३० च्या दशकात वाड्याच्या तेव्हाच्या मालकीणबाई लेडी मीड-फेदरस्टनहॉ यांनी विरलेले रेशमी पडदे वाचवायला घेतले. रिठ्यासारखा फेस देणाऱ्या सोपवर्ट या वनस्पतीच्या पाण्यात त्यांनी ते धुतले, टाके घालून सांधले. १९५४ मध्ये वाडा ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आला.

अशा घराचे भग्न अवशेष तसेच ठेवावेत, असं आगीनंतर काहींचं मत होतं. पुन्हा उभारलेली वास्तू म्हणजे नक्कल, असा त्यांचा आक्षेप. ट्रस्टनं मात्र आगीच्या आदल्या दिवशी घर जसं होतं, तसं ते पुन्हा उभं करायचं ठरवलं. भिंती शाबूत होत्या आणि बहुतेक सामान हाती होतं, हा त्याला मोठा आधार.

मग सुरू झाली राखेची झडती. ढिगाऱ्यावर चौकोन आखून, कुठला तुकडा कुठल्या जागी सापडला याची नोंद ठेवत, हजारो डब्यांमध्ये राडारोडा भरला गेला. गिलाव्याची नक्षी, कोरीव लाकूड, धातूचे भाग असं सगळं त्यातून वेचून काढलं. छतावरची नक्षी साच्याशिवाय, ओल्या चुन्यात हातानं घडवायची कला जवळपास विस्मृतीत गेली होती. जुन्या गिलाव्याची तपासणी करत, बकऱ्याचे केस मिसळलेला गिलावा घेऊन कारागीर ती नव्यानं शिकले. शाबूत राहिलेलं कोरीवकाम जिथे संपतं, तिथून पुढे नव्या लाकडाची पानंफुलं कोरली गेली.

सर्वांत अवघड होतं जुनेपण सांभाळणं. लाल दिवाणखान्यात वाचलेले भिंतकागदाचे तुकडे पुन्हा चिकटवले आणि नव्या कागदाला त्यांच्याच विटक्या रंगाची छटा दिली. चकचकीत नवा लाल रंग तिथल्या वापरलेल्या, उन्हानं फिकट झालेल्या वस्तूंशेजारी उपराच वाटला असता. घराचं वय पुसायचं नाही, हा निर्णय अशा बारीकसारीक कामांतून पाळला गेला, आणि या वास्तूचं खरं यश त्यातच आहे.

१९९५ मध्ये अपपार्क पुन्हा लोकांसाठी खुलं झालं. दरम्यान १९९२ मध्ये विंडसरच्या राजवाड्याला आग लागली होती; तिथल्या पुनर्बांधणीतही अपपार्कच्या कामात कमावलेलं कसब उपयोगी पडलं.