हिरवळीआधी तणांचा बंदोबस्त

पहिले एक-दोन पाऊस झाले की मराठवाड्यातल्या रिकाम्या जागा आणि अंगणे तणाने भरून जातात. हिंगोली जिल्ह्यातील हट्टा आणि परिसरही त्याला अपवाद नाही. अशा अंगणात तण वरवर कापून रोपवाटिकेतले हिरवळीचे तयार गालिचे अंथरले की काम झाले, असे वाटते. प्रत्यक्षात काही आठवड्यांतच गालिच्यातून जुने तण डोके वर काढते. नव्या हिरवळीचे भवितव्य तिच्याखालच्या मातीत ठरते.

या तणांतले सर्वांत त्रासदायक म्हणजे गाजरगवत, म्हणजेच काँग्रेस गवत. मूळ अमेरिका खंडातले हे झाड १९५५च्या सुमारास पुण्यात नोंदले गेले आणि पुढे देशभर पसरले. त्यातील पार्थेनिन या द्रव्यामुळे काहींच्या चेहऱ्यावर, पापण्यांवर, मानेवर आणि कोपराच्या घडीत खाज सुटते, चट्टे उठतात. परागकणांमुळे शिंका, सर्दी आणि दम्याचा त्रास होऊ शकतो. वर्षानुवर्षे काही न होता अचानक ॲलर्जी सुरू होणेही शक्य असते. म्हणून हे गवत उपटताना हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि तोंडाला रुमाल हवा. दमा किंवा त्वचेची ॲलर्जी असणाऱ्यांनी या कामापासून लांबच राहावे. वाळलेल्या गवताची धूळही त्रास देते.

गाजरगवत फुलण्याआधीच, माती ओली असताना मुळासकट उपटावे. एका मोठ्या झाडाला १५ ते २५ हजार बिया धरू शकतात. फुलोऱ्यापूर्वी उपटलेल्या झाडांचे कंपोस्ट करता येते. फुललेली झाडे मात्र खड्ड्यात टाकू नयेत, नाहीतर खताबरोबर बी पुन्हा अंगणात येते.

लव्हाळ्याचे दुखणे वेगळे. तो वरून कापला तरी जमिनीतल्या गाठींतून पुन्हा फुटतो. कुदळीने वीतभर खोल खणून गाठी वेचणे हाच त्यावरचा इलाज. हरळीचे धावते कांडेही असेच वेचावे. हिरवळीसाठी हरळीचेच बारीक पानांचे वाण वापरतात, पण रानटी हरळी त्यात मिसळली की हिरवळ ओबडधोबड दिसते.

यानंतर एप्रिल-मेचे ऊन कामाला लावावे. आधी पूर्ण कुजलेले शेणखत मिसळून जमीन सपाट करावी. कच्च्या खतात तणाचे बी असते. घराकडून बाहेर हलका उतार द्यावा, कारण काळ्या मातीत पाणी साचते. मग माती भिजवून तिच्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून बसवावे आणि कडा मातीत गाडाव्यात. चार ते सहा आठवडे ते तसेच ठेवावे. पारदर्शक प्लास्टिकमधून ऊन थेट मातीपर्यंत पोहोचते आणि अडकलेल्या उष्णतेने वरच्या थरातले बरेचसे बी मरते. खोलवरच्या लव्हाळ्याच्या गाठी मात्र तगून राहतात, म्हणून खणणे टाळता येत नाही. प्लास्टिक काढल्यावर जमीन पुन्हा खोल खणू नये. खालचे जिवंत बी वर येते.

पहिल्या पावसानंतर जे उगवेल ते खुरप्याने वरवर काढावे. दोनदा असे केल्यावर, पाऊस स्थिरावला की गालिचे अंथरावेत. उन्हाळ्यात अंथरले तर टंचाईच्या दिवसांत पाणी पुरवणे अवघड होते. घेताना प्रत्येक गालिच्याची खालची बाजू पाहावी. लव्हाळ्याच्या गाठी बहुधा त्याच मातीतून येतात. गालिचे विटांच्या बांधकामासारखे सांधे चुकवून लावावेत, दाबून बसवावेत आणि उघडीप पडली तर पहिले दोन आठवडे माती ओली ठेवावी. कोपरा हलकेच उचलून पाहावा. तो सहज उचलला गेला नाही, तर मुळे धरली असे समजावे.

अंगण मोठे असले तरी हिरवळ सांभाळता येईल एवढीच करावी. उरलेल्या जागेत गाजरगवत फुलू दिले, तर वाऱ्यावर त्याचे बी पुन्हा हिरवळीत येणारच.